स्वतःचा पॅकेज मॅनेजर लिहिलाय, आता टेस्ट कसा करू? (लाईट गेली आणि ११ मशीन झोपली)

लॅबवाला | शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी सांगली जिल्ह्यात एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. लॅबमध्ये ३२ मशीन, सगळ्यांवर डेबियन, ४ जीबी रॅम आणि जुन्या फिरत्या डिस्का. नेट म्हणाल तर आहे आणि नाही. दर बॅचला वेगळी सॉफ्टवेअरं लागतात, एकाला जुना कंपायलर, दुसऱ्याला नवा, तिसऱ्याला सिम्युलेटर, आणि प्रत्येक मशीनवर पेनड्राईव्ह घेऊन फिरायचा मला कंटाळा आला. मग दिवाळीच्या सुट्टीत बसून गो भाषेत एक छोटा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा आणि काढणारा प्रोग्राम, लिहिला. नाव ठेवलंय पिशवी. कमांड तीनच, आण, काढ आणि झटक. झटक म्हणजे वापरात नसलेलं सगळं साफ.

आतलं काम साधं आहे. पॅकेज म्हणजे एक टार फाईल, झेडस्टँडर्डने दाबलेली, सोबत एक यादी की नाव काय, व्हर्जन काय, कशावर अवलंबून आहे आणि आतल्या प्रत्येक फाईलचा शा-२५६ (मजकुरावरून काढलेला ठसा) किती. लॅबमधल्या एका मशीनवर हे सगळं ठेवलंय, बाकीची तिथून एचटीटीपीने ओढतात. सगळं ऑप्ट फोल्डरमध्ये जातं, सिस्टीमला हात लावत नाही. काय बसलंय त्याची नोंद एसक्यूलाईट या छोट्या डेटाबेसमध्ये. एकूण ११०० ओळी, टेस्ट ९, त्या नऊही हिरव्या, म्हणजे पास, त्यामुळे मी खुश.

गेल्या गुरुवारी प्रॅक्टिकलच्या आधी सगळ्या मशीनवर एकदम नवा कंपायलर सोडला आणि मध्येच लाईट गेली. यूपीएस फक्त सर्व्हरला. लाईट आल्यावर बघतो तर ११ मशीनवर पिशवी म्हणतेय कंपायलर बसलाय, सगळं छान, आणि कंपायलरच्या निम्म्या फाईली शून्य बाईटच्या! नाव आहे, जागा आहे, आत काही नाही. पोरं हसायला लागली, मी पण हसलो, काय करणार.

तर प्रश्न दोन. हे झालं कसं, कारण नोंद तर मी फाईली लिहून झाल्यावरच करतो. आणि असल्या गोष्टी टेस्टमध्ये पकडायच्या कशा? माझ्या नऊ टेस्टमध्ये लाईट कधीच जात नाही.

रिकामटेकडा_रूट | शनिवार, रात्री ११:३१

दादा एक विचारू, राग नको. डेबियनचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर एपीटी काय वाईट आहे? लोकल रेपो (पॅकेजांचं कोठार) टाका, डाउनलोड साठवून ठेवणारा एपीटी-कॅशर-एनजी लावा, झोपा. डेबियनवाले १९९३ पासून हेच करतायत, तुम्ही सुट्टीत ११०० ओळींत काय नवीन करणार. चकल्या खायच्या होत्या की.

लॅबवाला | शनिवार, रात्री ११:५०

@रूट, चकल्या पण खाल्ल्या. प्रश्न रास्त आहे. पोरांना रूट (ॲडमिन) पासवर्ड द्यायचा नाही, एकाच मशीनवर एकाच कंपायलरची तीन व्हर्जनं पाहिजेत, आणि खरं सांगायचं तर मला लिहायचाच होता. तिसऱ्या वर्षाला हेच प्रोजेक्ट म्हणून द्यायचा विचार आहे, डिपेंडन्सी म्हणजे काय ते फळ्यावर आकृती काढून पोरांना कळत नाही हो.

सेगफॉल्ट_सातारकर | रविवार, सकाळी ८:०५

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. "फाईली लिहून झाल्यावर" म्हणताय, पण लिहून झाल्या कुठे? तुम्ही राईट केलं, क्लोज केलं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणाला बरं, आणि डेटा रॅममध्येच ठेवला. ईएक्सटी४ ही फाईलसिस्टीम तर डिस्कवर जागासुद्धा लगेच देत नाही, उशिरा देते, एकदम थोडं जमलं की मग. फाईलचं नाव मात्र जर्नलमधून आधी पोचतं. आता गंमत बघा, एसक्यूलाईट बिचारं प्रामाणिक, ते कमिट करताना एफसिंक (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांब ही आज्ञा) मारतं, म्हणजे "कंपायलर बसला" ही नोंद डिस्कवर पक्की आणि कंपायलर स्वतः अजून हवेत. लाईट गेली की नोंद उरते, माल जातो. वरात दारात आली आणि नवरदेव अजून स्टँडवर असा प्रकार.

लाज वाटून घेऊ नका, एपीटीच्या खाली प्रत्यक्ष बसवायचं काम करणारं डीपीकेजी पण यातून गेलंय. २००९-१० च्या सुमारास ईएक्सटी४ सगळीकडे पसरली तेव्हा अपडेटच्या मध्ये मशीन बंद पडलं की शून्य बाईटच्या फाईली मिळायला लागल्या. मग डीपीकेजीने प्रत्येक फाईल आधी .डीपीकेजी-न्यू अशा शेपटीच्या नावाने लिहायची, एफसिंक करायची आणि मग रिनेमने खऱ्या नावावर आणायची असं केलं. त्यावर लोक ओरडायला लागले की इन्स्टॉल किती हळू झालं, म्हणून फोर्स-अनसेफ-आयओ असा पर्याय आला, आणि ईटमायडेटा नावाची लायब्ररी लोक वापरतात जी एफसिंक गिळून टाकते. नाव काय ठेवलंय बघा. तात्पुरत्या कंटेनरमध्ये ठीक, तुमच्या लॅबमध्ये चुकूनही नको.

दुसरी गोष्ट, तुमच्या नोंदीत फक्त बसलंय आणि नाही बसलंय एवढंच आहे ना? डीपीकेजीची स्टेटस फाईल उघडून बघा, त्यात हाफ-इन्स्टॉल्ड, अनपॅक्ड, हाफ-कॉन्फिगर्ड अशा मधल्या अवस्था आहेत. "डीपीकेजी मध्येच थांबलं होतं, आता हाताने कॉन्फिगर चालवा" हा मेसेज प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी खाल्लाय, आणि आपण वैतागतो, पण त्याला निदान माहीत असतं की आपण अर्धवट आहोत. तुमच्या पिशवीला तेच माहीत नाही.

चिमणी७ | रविवार, दुपारी १:४०

सातारकरांना +१, वरातीसाठी आणखी एक.

मी टेस्टिंगवाली, १२ वर्षं हेच करतेय, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. सर, तुमच्या नऊ टेस्ट सगळ्या "आण म्हटलं, आलं का" अशा असणार. पॅकेज मॅनेजरमध्ये आणणं हा सोपा भाग आहे, टेस्ट करायची ती मधली जागा. म्हणजे काय करायचं, तुमचा प्रोग्राम डिस्कला हात लावतो ती प्रत्येक जागा एका पातळ इंटरफेसमधून न्या. उघड, लिही, एफसिंक, रिनेम, पूस, बास. त्या इंटरफेसची टेस्टमधली आवृत्ती मोजत राहते आणि क्रमांक एन आला की सरळ प्रोसेस मारते. मग लूप लावा, एन एकपासून शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी रिकाम्या टेंपररी फोल्डरमध्ये जुनं व्हर्जन बसवा, नव्याकडे अपग्रेड सुरू करा, एनव्या पायरीला मारा, पिशवी परत चालवा, आणि तपासा.

काय तपासायचं हे महत्त्वाचं. एकेक अपेक्षित निकाल लिहीत बसलात तर म्हातारे व्हाल. नियम लिहा, की एक तर पूर्ण जुनं असेल किंवा पूर्ण नवं, मधलं काही नाही. नोंदीत जी फाईल आहे ती डिस्कवर आहे आणि तिचा शा जुळतो. डिस्कवर जी फाईल आहे तिचा कोणीतरी मालक आहे. आणि "आण" दुसऱ्यांदा चालवलं तर काहीच बदलत नाही. हे चार नियम प्रत्येक टेस्टच्या शेवटी, कुठलीही टेस्ट असो.

मारण्याबरोबर चुका पण द्या, डिस्क भरली, परवानगी नाही, अर्ध्यात कनेक्शन तुटलं. कोडला हात लावायचा नसेल तर प्रोग्रामच्या कर्नलकडच्या मागण्या टिपणाऱ्या एसट्रेसलाच सांगता येतं की पाचवा रिनेम फेल कर, इंजेक्ट नावाचा पर्याय आहे. डिस्क भरण्यासाठी २० एमबीचा टीएमपीएफएस (रॅममधली छोटी डिस्क) माउंट करा, पॅकेज ३० एमबीचं द्या, मज्जा बघा.

आणि आर्च लिनक्सच्या पॅकमनचा सोर्स उघडून त्यांच्या टेस्ट वाचा. आर्चवाल्यांनी पायथनमध्ये छोटी भाषाच केलीय, आधी काय बसलेलं होतं, रेपोत काय आहे, कमांड कोणती, शेवटी काय असायला पाहिजे, सगळं पंधरावीस ओळींत. फेकरूटखाली (खोट्या ॲडमिन हक्कांत) चालतात, खऱ्या सिस्टीमला धक्का नाही. अल्पाइन लिनक्सच्या एपीकेत तर त्याहून सोपं, डिपेंडन्सीची प्रत्येक टेस्ट म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल. तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना असल्या फाईली लिहायला द्या, ते तुम्हाला सुचणार नाहीत असे उद्योग करतील.

म्युनिककर | रविवार, संध्याकाळी ६:२२

चिमणीताईंचं सगळं बरोबर, एक मोठी सूचना जोडतो नाहीतर लॅबवाले सर फसतील. प्रोसेस मारणं आणि लाईट जाणं एक नाही. किल -९ ने प्रोसेस मारली तरी कर्नल जिवंत असतो, रॅममधला डेटा तो निवांत डिस्कवर नेतो. म्हणजे तुम्ही एफसिंक पूर्ण विसरलात तरी ताईंच्या सगळ्या टेस्ट हिरव्या येतील! त्या टेस्ट क्रम तपासतात, टिकाऊपणा नाही. दोन्ही पाहिजेत.

टिकाऊपणासाठी क्यूएमूमध्ये व्हीएम (मशीनच्या आत खोटं मशीन) चालवा आणि आतून नाही, बाहेरून क्यूएमूची प्रोसेसच मारा. आतल्या कर्नलची रॅम त्याच्यासोबत जाते, ही खरी लाईट जाणं. मग त्याच डिस्कवर परत बूट करा आणि तेच चार नियम तपासा. यात पण एक पळवाट राहते, आतून जे लिहायला निघालं ते बाहेरचा होस्ट सांभाळून ठेवतो, खरी डिस्क इतकी मायाळू नसते. त्याच्यापुढे जायचं असेल तर लिनक्समध्ये डीएम-लॉग-राइट्स आहे, ते डिस्ककडे गेलेला प्रत्येक राईट नोंदवतं आणि मग हव्या त्या टप्प्यापर्यंत परत खेळवता येतं, पण तुम्हाला एवढं लागणार नाही.

त्यापेक्षा डिझाईनच बदला ना. ४००० फाईली एकेक करून जुन्यावर रिनेम करत बसलात तर मोडायच्या जागा हजारो. निक्स या पॅकेज मॅनेजरची कल्पना उचला, एल्को डोल्स्ट्राच्या २००६ च्या उट्रेख्टच्या प्रबंधातली. प्रत्येक व्हर्जन स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवायचं, जुन्याला हात नाही. सगळं उतरलं की सिंकएफएस (अख्खी फाईलसिस्टीम डिस्कवर पाठवणारी आज्ञा) एकदाच, फिरत्या डिस्कवर प्रत्येक फाईलला एफसिंक मारण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. मग "चालू" नावाची एक सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नुसतं बोट दाखवणारं नाव) नव्या फोल्डरकडे वळवायची. झालं. मोडायची जागा एकच उरली. परत जुन्यावर जायचं तर सिमलिंक उलटी फिरवा, आणि तीन कंपायलर शेजारी शेजारी नांदतात, तुम्हाला तेच पाहिजे होतं.

फक्त सिमलिंक वळवताना लिंक बनवणाऱ्या एलएन कमांडला जबरदस्तीचा पर्याय देऊन वळवू नका, तिच्या जुन्या आवृत्त्या आधी जुनी पुसून मग नवी करतात, मधल्या क्षणी काहीच नसतं. तात्पुरत्या नावाने नवी सिमलिंक करा आणि रिनेमने जुनीवर टाका. रिनेम एका दमात होतं. आणि त्यानंतर त्या फोल्डरलाच एफसिंक, हे सगळे विसरतात, मी दोनदा विसरलोय.

रिकामटेकडा_रूट | रविवार, रात्री ९:१५

बरं बाबा, मी माझे शब्द चकलीसोबत गिळतो, धागा जमलाय. पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. "काढ" कमांड. २०२१ मध्ये यूट्यूबवरच्या लिनस टेक टिप्सवाल्या लिनसने पॉप-ओएसवर स्टीम टाकायला घेतलं आणि रेपोतल्या गोंधळामुळे एपीटीने अख्खा डेस्कटॉपच काढायचं ठरवलं. एपीटीने बजावलं पण होतं, "येस, डू ॲज आय से!" असं पूर्ण वाक्य टाईप करायला लावलं, भाऊने केलं टाईप, डेस्कटॉप गेला. म्हणजे बाई, प्रश्न विचारणं हा पण टेस्ट करायचा भाग आहे. भिंतभर यादीच्या खाली धोक्याची ओळ असेल तर कोण वाचतं. पोरं तर नाहीच नाही, ती "हो" दाबायलाच जन्माला आलीत.

अडगळ | सोमवार, पहाटे १२:५०

सर डिपेंडन्सी कशा सोडवताय ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज, एक फंक्शन स्वतःलाच बोलवतं, जे पहिलं व्हर्जन भेटेल ते घेतं आणि पुढे जातं. बरोबर ना? सगळे तिथूनच सुरू करतात. पायथनचं पिप सुद्धा २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे २०.३ येईपर्यंत जवळपास तसंच करत होतं, पहिली अट भेटली ती पाळायची, नंतरच्या अटीशी पटलं नाही तर तसंच बसवायचं.

खरी भानगड अशी की व्हर्जनच्या अटी आणि "हे असेल तर ते नको" हे दोन्ही आले की प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो, म्हणजे पॅकेजं वाढली की झटपट सोडवायची खात्रीची पद्धत कोणालाच माहीत नाही. कोणतंही थ्री-सॅटचं (हो-नाही अटींचं) कोडं पॅकेजच्या रूपात लिहिता येतं. म्हणून ओपनसुसेच्या झिपरमध्ये ११.० पासून, २००८ ला, असली कोडी सोडवणारा सॅट सॉल्व्हर आला, तीच लायब्ररी पुढे फेडोराच्या डीएनएफने घेतली. डार्ट भाषावाल्यांचा पबग्रब सॉल्व्हर वेगळ्या वाटेने जातो, त्याचं सुख म्हणजे जमलं नाही तर का नाही जमलं ते माणसाला कळेल असं सांगतो. पण तुमची ६० पॅकेजं असतील फार तर. साधं बॅकट्रॅकिंग (अडलं की मागे येऊन दुसरं बघ) पुरे, सॅट आणून लॅबला काय रॉकेट सोडायचंय.

टेस्ट मात्र अशी करा. खोटे रेपो तयार करणारं एक फंक्शन लिहा, ५ पॅकेजं, प्रत्येकाची ३ व्हर्जनं, अटी रँडम. प्रत्येक पॅकेज एक तर नाही किंवा तीनपैकी एक, म्हणजे चाराचा पाचवा घात, १०२४ शक्यता. त्या सगळ्या मूर्खासारख्या एकेक करून तपासणारा दुसरा सॉल्व्हर २० ओळींत होतो. दोघांना तोच रेपो द्या. मूर्ख म्हणाला उत्तर आहे आणि तुमचा शहाणा म्हणाला नाही, तर शहाणा चुकला. रात्रभर चालू ठेवा. रँडमचा सीड (सुरुवातीचा आकडा) मात्र छापायला विसरू नका, सकाळी चूक दिसते आणि परत आणता येत नाही याच्यासारखं दुःख नाही.

लॅबवाला | बुधवार, रात्री १०:४८

सगळ्यांना दंडवत! तीन दिवस झोप नाही आणि बायको म्हणतेय पिशवीतच जाऊन झोपा.

अडगळराव, अंदाज शंभर टक्के बरोबर. मूर्ख सॉल्व्हर लावला, चाळिसाव्या मिनिटाला माझा शहाणा एका गोल डिपेंडन्सीत अडकून स्टॅक संपवून मेला. दुरुस्त. मग व्हर्जनची तुलना चुकली. १.१० हे १.९ पेक्षा मोठं हे मला माहीत होतं, पण १.०-आरसी१ (पक्क्या १.० च्या आधीची चाचणी आवृत्ती) हे १.० पेक्षा लहान पाहिजे ते चुकवलं होतं. डेबियनचा तिरक्या लाटेचा नियम घेतला, ~ असेल तर ते सगळ्याच्या आधी, अगदी काहीच नसण्याच्याही आधी.

आणि आता हसू नका. एका पोराने यादीत व्हर्जन "२.१" लिहिलं, मराठी आकड्यात. गो चं युनिकोड-इजडिजिट म्हणतं हो हा आकडा आहे, आणि पुढे मजकुराचा आकडा करणारं एटॉय म्हणतं हा कुठला आकडा, मी ओळखत नाही. पिशवी क्रॅश. तेच पायथनला विचारा, इंट मध्ये "१२" देवनागरीत टाका, मुकाट्याने बारा देतं. आता यादीत व्हर्जनला फक्त इंग्रजी आकडे चालतील असं स्पष्ट बजावतो, मराठीतून बजावतो.

तसंच एक फाईलच्या नावाचं. एका पॅकेजमध्ये "तऱ्हेतऱ्हेचे_नमुने" अशी फाईल आहे. शा जुळतो, नाव डोळ्यांना तेच दिसतं, पिशवी म्हणते फाईल नाही. दोन तास गेले. तो ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खा, एक र ला नुक्ता देऊन. पॅकेज ज्याने बांधलं त्याचा जुना मॅक, तिथली एचएफएस प्लस फाईलसिस्टीम नावं तोडून ठेवते. यादीत अख्खा ऱ, टारमध्ये तुटलेला. या टेस्टला मी नाव दिलंय तऱ्हा, आणि ती आता कायमची आहे.

सेगफॉल्ट_सातारकर | बुधवार, रात्री ११:३०

तऱ्हा! खिक्क. वाचनखूण साठवली.

जाता जाता, टार उघडताना रस्ता तपासताय ना? दोन टिंबांनी वरच्या फोल्डरला जाणारी नावं, स्लॅशने सुरू होणारी नावं, आणि सगळ्यात नालायक म्हणजे आधी एक सिमलिंक टाकायची बाहेर जाणारी आणि मग तिच्यातून फाईल लिहायची. २०१८ मध्ये अल्पाइनच्या एपीकेला असल्याच सिमलिंकच्या युक्तीने गाठलं होतं. गो १.२४ पासून ओएस-रूट आलंय, ते फोल्डरच्या बाहेर जाऊच देत नाही, तेच वापरा. असल्या पाचसहा दुष्ट टार फाईली हाताने बनवून टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि पॅकेजवर डिजिटल सही नसेल तर उघडायच्याच आधी नाकारा, उघडून मग तपासू असं नाही.

सही असली तरी जुनी यादी परत परत देणारा सर्व्हर फसवू शकतो, त्यावर २००८ मध्ये जस्टिन कॅपोस आणि मंडळींचा पेपर आहे. डेबियनच्या रिलीज फाईलमध्ये "इथपर्यंत वैध" अशी तारीख त्यासाठीच. तुमच्या लॅबमध्ये कोण हल्ला करणार म्हणा, पण पोरं तिसऱ्या वर्षाची आहेत.

लॅबवाला | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:१०

हिशोब द्यायला आलो. डिझाईन बदललं, म्युनिककरांनी सांगितलं तसं, फोल्डर आणि एक सिमलिंक. एसक्यूलाईट काढूनच टाकलं, डिस्कवर जे फोल्डर आहे तेच खरं, वेगळी नोंदवही नको. चिमणीताईंचा लूप लावला, एका अपग्रेडमध्ये मारायच्या जागा २१२ निघाल्या, पहिल्या रात्री ३ लाल. एकात तात्पुरती सिमलिंक मागे राहत होती आणि पुढची "आण" तिच्यावर अडखळत होती. दुसऱ्यात झटक कमांड नुकतंच उतरलेलं पण अजून न वळवलेलं फोल्डर कचरा समजून पुसत होती, म्हणजे एका खिडकीत आण आणि दुसऱ्यात झटक चालवलं तर गेलं सगळं. तिसरं लॉकचं, मी पीआयडी (प्रोसेसचा नंबर) फाईलमध्ये लिहून लॉक करायचो, प्रोसेस मेली की लॉक तसंच राहायचं आणि पिशवी म्हणायची दुसरी पिशवी चालू आहे. आता एफलॉक, प्रोसेस मेली की कर्नल स्वतःच सोडतो.

फोल्डरला एफसिंक मी पण विसरलो होतो. म्युनिककर, तुमचे दोन आणि माझा एक.

व्हीएममध्ये सगळं हिरवं आल्यावर काल खरी परीक्षा. लॅबचे मामा मेन स्विचपाशी उभे, मी ३२ मशीनवर अपग्रेड सोडलं आणि मामांना म्हटलं वाटेल तेव्हा पाडा. मामांनी चार वेळा पाडला, चौथ्या वेळी तर मजा म्हणून. ३१ मशीन चारही वेळा व्यवस्थित, कुठे जुनं कुठे नवं, पण अर्धवट काही नाही.

१४ नंबरवर परत शून्य बाईट.

म्युनिककर | शनिवार, संध्याकाळी ५:०२

१४ मध्ये वेगळं काय आहे? डिस्क तीच, कर्नल तोच?

लॅबवाला | शनिवार, संध्याकाळी ५:२०

कर्नल तोच. डिस्क पण त्याच खोक्यातली. फक्त त्या बोर्डाचे साटा पोर्ट मेलेत म्हणून ती आम्ही यूएसबीच्या डब्यात घालून मागून जोडलीय.

म्युनिककर | शनिवार, संध्याकाळी ५:२४

सापडला चोर. तो डबा फ्लशची आज्ञा गिळतोय. कर्नल म्हणतो डिस्कवर टाक, डबा म्हणतो टाकलं, आणि डिस्कला पत्ताच नाही. एचडीपार्म कमांडने राईट कॅश बंद करून बघा, पण बऱ्याच डब्यांतून ती आज्ञा पण आत पोचत नाही.

लॅबवाला | शनिवार, संध्याकाळी ६:४५

नाही पोचत, करून बघितलं. नव्या बोर्डाचा कागद आजच प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलाय. तोवर पिशवी उठल्यावर सगळे शा एकदा तपासेल असा पर्याय टाकतोय, फक्त १४ साठी. मामा विचारतायत सोमवारी परत स्विच पाडायचा का.

चिमणी७ | शनिवार, संध्याकाळी ६:५०

मामांना म्हणावं पाडा, पण झटक चालू असताना. ते तुम्ही अजून केलं नाहीये.